एनएफएस फायरवॉलला अडकतं, पण घोळ कधीचा?

पिंग मस्त चालतं आणि एनएफएस (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्यासारखं वापरायची सोय) माउंट करायला, म्हणजे ते फोल्डर जोडायला गेलं, की मात्र नुसतं लटकून बसतं, अशा वेळी आपण आधी फायरवॉललाच शिव्या घालतो, पण घोळाचं मूळ पार १९८४ मधे आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणलं ते लॅनसाठी, सगळी मशीन एकमेकांच्या ओळखीची, मधे अडवणारं कोणी नाही. मग पोर्ट (मशीनवरच्या प्रत्येक सर्व्हिसचा दार-नंबर) कशाला ठरवून ठेवायचे? सर्व्हिस चालू झाली की मिळेल तो पोर्ट घ्यायचा, १११ वरच्या पोर्टमॅपरकडे नोंद करायची, क्लायंट तिथे विचारून पुढे जाणार. एनएफएस स्वतः २०४९ वर बसलं, पण माउंटडी (माउंटची विनंती घेणारा), लॉकडी (फाईलचे लॉक सांभाळणारा), स्टॅटडी (मशीन रीबूट झालं की लॉक परत मिळवायला मदत करणारा) हे तिघे भटकेच राहिले.

नंतर नेटवर्कच्या दारात फायरवॉल आले आणि त्यांना तर ठरलेला नंबरच लागतो ना. त्यामुळे सर्व्हर रीबूट झाला की पोर्ट बदलले आणि "कालपर्यंत चालत होतं हो" सुरू. यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे फक्त लॉकडीचा पोर्ट बंद असणं, माउंट होतं, फाईल वाचता येते, आणि फाईल लॉक करणारा प्रोग्राम तेवढा गोठतो, मग लोक दोन दिवस प्रोग्रामच तपासत बसतात. यावर जुगाड एकच, तिघांचे पोर्ट कॉन्फिगमधे फिक्स करा.

१९९५ च्या एनएफएस व्हर्जन ३ पासून टीसीपी (कनेक्शन जोडून डेटा पाठवायची पद्धत) रुळलं. १९९६ मधे सनने वेबएनएफएस काढलं, पोर्टमॅपर न् माउंटडीला वगळून थेट २०४९. ते फार चाललं नाही, पण कल्पना बरोबर होती, कारण व्हर्जन ४ ने तेच केलं (स्पेक २००० चं, सुधारून २००३ ला), आणि लॉकिंगही त्याच पोर्टवर आणलं. तरी ४.० मधे डेलिगेशन (क्लायंटला फाईल तात्पुरती स्वतःच सांभाळू द्यायची मुभा) परत मागायला सर्व्हर उलटा क्लायंटला कनेक्ट व्हायचा, नॅटमागे (क्लायंटचा खरा पत्ता बाहेरून दिसू न देणाऱ्या राउटरमागे) ते कसं जमणार, ते २०१० च्या ४.१ ने त्याच कनेक्शनवरून करून टाकलं.

जुन्या सवयी मात्र जात नाहीत. व्हर्जन ४ साठी फक्त २०४९ उघडायचा आणि तपासायला शोमाउंट (सर्व्हरवर काय माउंट करता येईल ते दाखवणारी कमांड) मारायचं, ते बिचारं अजून माउंटडीलाच विचारतंय, साहजिकच फेल, आणि इकडे खरं माउंट करून बघायचं कोणाला सुचतच नाही.