उर्दू ड्रामा : पाकिस्तानबाहेरील प्रेक्षकांची आवड

पाकिस्तानात उर्दू दूरचित्रवाणी मालिकेला सरसकट ‘ड्रामा’ म्हणतात. या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रंगमंच उभा राहतो. तिकडे मात्र दूरचित्रवाणीने हा शब्द इतका आपलासा केला आहे, की रंगभूमीवरील नाटकाला वेगळे ‘स्टेज ड्रामा’ म्हणावे लागते. भारत, बांगलादेश, नेपाळ, आखाती देश आणि ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वस्ती येथे या मालिकांना मोठा प्रेक्षकवर्ग आहे. आटोपशीर लांबी, बोलण्यातील अदब, प्रणयप्रसंगांतील संयम आणि संवादांचे वजन या गुणांचे बाहेरचा प्रेक्षक कौतुक करतो. त्यांतील बरेचसे गुण मर्यादांमधून घडले आहेत : कमी खर्च, आठवड्याला एक भाग, प्रसारणावरील बंधने आणि लेखकाला केंद्रस्थानी ठेवणारी जुनी कार्यपद्धती.

पाकिस्तान टेलिव्हिजनचे (पीटीव्ही) प्रसारण २६ नोव्हेंबर १९६४ रोजी लाहोर येथून सुरू झाले. लाहोरचे प्रक्षेपण अमृतसर भागातील घरांच्या अँटेनांवर सहज मिळत असे, त्यामुळे भारतातील पहिला प्रेक्षक सीमेलगतचाच होता. पुढे अमजद इस्लाम अमजद यांची ‘वारिस’ आणि हसीना मोईन यांच्या ‘अनकही’ (१९८२), ‘तनहाइयाँ’ (१९८५) व ‘धूप किनारे’ (१९८७) या मालिका व्हिडिओ कॅसेटींवरून भारतातील शहरांत फिरल्या. हसीना मोईन यांच्या नायिका धांदरट, बोलघेवड्या, नोकरी करणाऱ्या आणि प्रेमात पडल्यावरही विनोदबुद्धी शाबूत ठेवणाऱ्या आहेत. त्या झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीच्या काळात पडद्यावर आल्या, ही गोष्ट बाहेरच्या प्रेक्षकाला आजही चकित करते. ‘हिना’ (१९९१) या हिंदी चित्रपटाच्या संवादलेखनासाठी राज कपूर यांच्या संस्थेला हसीना मोईन यांची आठवण झाली, ती या मालिकांमुळेच.

२००२ नंतर पाकिस्तानात खासगी वाहिन्यांचे युग आले. हम टीव्हीवरील ‘हमसफर’ (२०११-१२) आणि ‘जिंदगी गुलजार है’ (२०१२-१३) या दोन मालिकांनी देशाबाहेरचा प्रेक्षक नव्याने जोडला. जून २०१४ मध्ये झी समूहाने ‘जिंदगी’ ही वाहिनी काढून या मालिका रीतसर भारतीय घरांत आणल्या. मराठी घरांतही त्या याच वाटेने पोहोचल्या, आणि या दोन्ही मालिकांचा नायक फवाद खान याचे नाव कोल्हापूर-नागपुरातल्या बैठकीच्या खोलीत ओळखीचे झाले. सप्टेंबर २०१६ मधील उरी हल्ल्यानंतर वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. तोवर प्रेक्षकांना यूट्यूबची वाट सापडली होती.

भारतीय प्रेक्षकाच्या सर्वांत आधी लक्षात येते ते हे, की गोष्ट संपते. ‘हमसफर’चे २३ भाग आहेत, ‘जिंदगी गुलजार है’चे २६. साधारण ३५ ते ४० मिनिटांचा भाग आठवड्याला एकदा दाखवायचा आणि सहा-आठ महिन्यांत कथा पूर्ण करायची, असा हा प्रघात. मालिकेत पाणी घालून ती वर्षानुवर्षे चालवण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा दिलासा वाटतो. दूरदर्शनवरील तेरा भागांच्या मालिका पाहिलेल्या मराठी पिढीला तर ती जुनी ओळख पुन्हा भेटल्यासारखी आहे. फरक किती पडतो, हे ‘धूप किनारे’च्या उदाहरणावरून कळते : तिच्यावर बेतलेली ‘कुछ तो लोग कहेंगे’ ही हिंदी मालिका २०११ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि दैनंदिन असल्यामुळे मूळ कथेच्या कितीतरी पटींनी लांबली.

दुसरे आकर्षण भाषेचे, आणि ते सर्वांत खोल आहे. उर्दूतील आप, तुम आणि तू या तीन पायऱ्या पात्रे फार जपून चढतात-उतरतात. अनेक घरांत पत्नी नवऱ्याला ‘आप’ म्हणते आणि नवरा तिला ‘तुम’ म्हणतो. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘अहो’ आणि ‘अगं’ यांच्यातले अंतर त्याच्या घरातलेच असते. भांडणाच्या भरात ‘तुम’चे ‘तू’ झाले, की आवाज न चढवताही प्रसंग चढतो. इंग्रजी उपशीर्षकांत या तिन्ही रूपांसाठी एकच सर्वनाम असल्याने हिंदी-उर्दू न समजणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही. नात्यांच्या शब्दांचेही तसेच. खाला म्हणजे मावशी, फुप्पो म्हणजे आत्या, ताया म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ हे पाचसहा भागांत पाठ होते. शिवाय मालिकेतली फुप्पो बहुधा आगलावी निघते, हेही तेवढ्यातच उमगते.

मराठी कानाला या भाषेत आणखी एक गंमत सापडते. फारसी-अरबीतून आलेले असंख्य शब्द मराठीत शतकानुशतके नांदत आहेत, पण काहींनी इथे येऊन वेगळा संसार थाटला. आई मुलीला ‘तालीम मुकम्मल करो’ म्हणते तेव्हा ती शिक्षण पूर्ण करायला सांगत असते. मराठी मनात मात्र क्षणभर लाल मातीचा आखाडा येऊन जातो. ‘हैरान’ झालेली नायिका दमलेली नसते, ती आश्चर्यचकित झालेली असते. ‘राजीनामा’ हा शब्द तिकडे समझोत्याचा आहे, नोकरी सोडण्याचा नाही.

प्रणयाच्या चित्रणातला संयम परदेशी प्रेक्षक आवर्जून नोंदवतात. तो पूर्णपणे स्वेच्छेचा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या प्रसारण नियामक संस्थेने मिठ्या आणि जवळिकीची दृश्ये दाखवू नयेत, अशी सूचना वाहिन्यांना केली. त्याआधीही बंधने होतीच. स्पर्श वर्ज्य असल्यामुळे सारा भार नजर, विराम आणि वाक्य यांवर पडतो. ‘जिंदगी गुलजार है’ मध्ये नायिका कशफ आणि नायक जारून दोघेही डायरी लिहितात. एकच घटना तिच्या डायरीत अपमान म्हणून उतरते आणि त्याच्या डायरीत तिचा उद्धटपणा म्हणून. प्रेक्षक दोन्ही ऐकतो, आणि दोघांनी एकमेकांची बाजू कधी ऐकावी याची वाट पाहतो. कशफच्या वडिलांनी मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न केलेले असते आणि शिक्षिका असलेली आई तीन मुलींना एकटीने वाढवते. पुरुषांवरचा कशफचा अविश्वास कुठून आला, हे त्यामुळे निराळे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी कॅमेरा चेहऱ्यावर शांत थांबतो. हिंदी दैनंदिन मालिकांतील तीनतीनदा झेपावणारा कॅमेरा आणि ढगांचा गडगडाट पाहिलेल्यांना ही शांतताच विशेष वाटते.

संवादांच्या या वजनामागे उर्दूतील महिलांच्या मासिकांची, म्हणजे ‘डायजेस्ट’ची, परंपरा आहे. उमेरा अहमद आणि फरहत इश्तियाक यांसारख्या लेखिका तिथल्या कादंबऱ्यांमधून दूरचित्रवाणीकडे आल्या. पात्राचे मन पत्रांतून, डायरीतून किंवा स्वगतातून उलगडण्याची रीत त्यांनी सोबत आणली, आणि जाहिरातींमध्ये लेखकाचे नाव ठळकपणे झळकते तेही या परंपरेला धरूनच. शीर्षकगीताचे महत्त्वही मोठे आहे. ‘हमसफर’साठी कुरतुलऐन बलोच यांनी गायलेली गजल नसीर तुराबी यांची असून ती १९७१ मध्ये ढाका पाकिस्तानच्या हातून गेल्यानंतरच्या वेदनेतून लिहिलेली आहे. देश दुभंगल्याचे दुःख एका दुरावलेल्या जोडप्याला चपखल बसले, आणि सीमेपलीकडच्या बहुतेक श्रोत्यांना त्याचा मूळ संदर्भ ठाऊकही नसतो.

लहानसहान तपशिलांत रमणारा प्रेक्षकही पुष्कळ आहे. घरात वावरणाऱ्या बायका साध्या सुती किंवा लॉनच्या (तलम सुती कापडाच्या) सलवार-कमीजमध्ये असतात, झोपताना दागिने उतरवतात, स्वयंपाकघरात खरोखर कांदा चिरतात. २०२४ मधील ‘कभी मैं कभी तुम’ या मालिकेत ऐन लग्नाच्या वेळी थोरला भाऊ माघार घेतो आणि धाकट्याशी नायिकेचा निकाह लावला जातो. पुढे घर सोडून भाड्याच्या जागेत राहणाऱ्या या जोडप्याची पैशांची ओढाताण हाच कथेचा मोठा भाग होतो. आखातात नोकरी करणाऱ्या किंवा ढाक्यात घरभाडे भरणाऱ्या तरुण प्रेक्षकाला ही जवळची वाटली, यात नवल नाही.

कौतुकाची दुसरी बाजूही आहे. कराचीतील बंगल्यांची तीच ती दालने, चहाचा ट्रे घेऊन येताना दाराआड नको ते ऐकणारी सून, चुलत-मामेभावंडांच्या लग्नांचा गुंता आणि रडून रडून सुजलेली नायिका यांचा परदेशी प्रेक्षकालाही कंटाळा येतो. थप्पड मारणारा, हुकूम सोडणारा नवरा शेवटी प्रियकर ठरतो, हा आक्षेप तर पाकिस्तानातच सर्वांत जोरात घेतला जातो. ‘तेरे बिन’ (२०२२-२३) या अफाट लोकप्रिय मालिकेवरूनही असा वाद झाला. याउलट ‘उडारी’ (२०१६) सारख्या मालिकेने बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा विषय थेट मांडला. अलीकडे आठवड्याला दोन भाग दाखवण्याची पद्धत वाढल्याने आटोपशीरपणाही पूर्वीइतका उरलेला नाही.

मे २०२५ मध्ये, पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावात, भारत सरकारने पाकिस्तानी मूळ असलेल्या मालिका, चित्रपट आणि गाणी दाखवणे थांबवण्याची सूचना ऑनलाइन मंचांना केली. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या प्रमुख करमणूक वाहिन्यांची यूट्यूब पाने भारतात दिसेनाशी झाली. त्या वेळी चालू असलेल्या मालिका भारतातील प्रेक्षकांसाठी अर्ध्यावरच तुटल्या.