इ-स्पिनर की सोलर चरखा? मोटर दोन्हीकडे, हात एकीकडेच

‘इलेक्ट्रिक चरखा’ या नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. एक टेबलावर मावणारं, एकाच बॉबिनचं, म्हणजे सूत गुंडाळायच्या एकाच रिळाचं: हा इ-स्पिनर. दुसरं लोखंडी सांगाड्याचं, ओळीने बऱ्याच चात्या, म्हणजे पीळ देणाऱ्या फिरत्या सळया, बसवलेलं: हा सोलर चरखा. छंद म्हणून कातू पाहणाऱ्याने चुकून दुसरं घेतलं, तर त्याच्या बोटांना करायला काही उरतच नाही.

कातण्यात कामं तीन: पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) तंतू ओढून बारीक करायचे, त्यांना पीळ द्यायचा आणि झालेलं सूत गुंडाळायचं. पेटी चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळू ओढतो. सगळं कसब या डाव्या हातात.

इ-स्पिनरची मोटर फक्त चाक फिरवणाऱ्या हाताला सुट्टी देते, पायाने चालवायचा चरखा असेल तर पायांना. न्यूझीलंडच्या अ‍ॅशफर्डचा घ्या नाहीतर चिमुकला इलेक्ट्रिक ईल नॅनो घ्या, दोन्हींत तंतू ओढतात ती तुमचीच बोटं. सूत कुठे जाड, कुठे बारीक आलं तर मोटरला बोल लावता येत नाही. गुंडाळण्याची रीत मात्र चातीपेक्षा निराळी. चातीवर पीळ देऊन झाला की थांबून सूत गुंडाळावं लागतं. इथे बॉबिनभोवती फिरणारी दोन हातांची पंखी पीळ देता देताच गुंडाळत जाते. गुडघे दुखणाऱ्या किंवा एका पायाने अधू असलेल्या कातणाऱ्यांना हे यंत्र फार सोयीचं. त्याला फसवणूक म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

सोलर चरख्याचं घराणं वेगळं. तो निघाला अंबर चरख्यातून, आणि अंबर म्हणजे गिरणीतल्या रिंग फ्रेमचं, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्राचं, छोटं रूप. तमिळनाडूच्या एकांबरनाथांनी तो घडवला. त्यात रुळांच्या जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून मधली कापसाची वात ताणली जाऊन बारीक होते. म्हणजे बोटांचं कसब अंबरनेच काढून घेतलं होतं. हाताकडे उरला होता दांडा. सौर पॅनेल आणि मोटर आली आणि तोही गेला. आता माणसाने तुटलेला धागा सांधायचा, भरलेली बॉबिन बदलायची.

यात वावगं काही नाही, कारण हेतूच रोजगाराचा. 1929 साली चांगल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, तेव्हाही अट होती की बाईमाणसाला तो आठ तास फारसा शीण न होता चालवता यावा आणि सूत भरपूर निघावं. 2018 मध्ये केंद्र सरकारने सोलर चरखा मिशन सुरू केलं तेही गावात काम निर्माण करण्यासाठीच.

घोळ होतो तो खादीपाशी. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार खादीचं सूत हाताने कातलेलं हवं. दांडा हाताने फिरवलेल्या अंबरचं सूत त्यात बसतं. तोच अंबर मोटरवर चालवला की वाद सुरू. आणि इ-स्पिनर? तंतू न् तंतू बोटांखालून गेलेला, पण चाक विजेवर! कायदा काहीही म्हणो, दांडा फिरवलेल्या अंबरपेक्षा मला त्यात हात जास्त दिसतो.

घरी कातायचं असेल तर इ-स्पिनरच घ्या, पण बहुतेक इ-स्पिनर लोकरीचा विचार करून बनवलेले असतात हे ध्यानात ठेवा. दख्खनी मेंढीच्या लोकरीला ते चालतील. कापसाचा तंतू आखूड. त्याला पीळ पुष्कळ लागतो आणि बॉबिनची ओढ सोसत नाही. तेव्हा वेग वाढवा, ओढ कमीजास्त करणारा ब्रेक जवळजवळ सैल सोडा. तरीही सूत हातातून निसटत असेल तर ते पंखीच्या एका हाताच्या हुकातून दुसऱ्या हाताच्या हुकात असं आडवं फिरवून घ्या. ओढ बरीच कमी होते.