सान्यूची रेषा कुठून आली?

२०१९ साली हाँगकाँगच्या एका लिलावात 'पाच नग्ना' या तैलचित्राला तीस कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त किंमत आली आणि ते काढणारा चिनी चित्रकार सान्यू याचं नाव जगभर छापून आलं. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार मातीसवरून 'चीनचा मातीस' ही उपाधी तेव्हा पुन्हा एकदा त्याला चिकटवली गेली. मला ती अपुरी वाटते, कारण सान्यूच्या रेषेचं मूळ मातीसच्या पॅरिसमध्ये सापडत नाही. त्यासाठी चीनच्या सिचुआन प्रांतात जावं लागतं.

चांग यू ऊर्फ सान्यूचा जन्म १८९५ चा, सिचुआनमधल्या नानचोंगचा. घरी रेशमाचा मोठा धंदा. वडील स्वतः चित्रं काढत आणि मुलाला सुलेखन शिकवायला झाओ शी यांच्यासारखे नामवंत गुरू होते. चिनी सुलेखनात शाई कागदावर टेकताक्षणी शोषली जाते, खोडायची सोयच नाही. त्यामुळे हात कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, कुठे क्षणभर थांबायचं, हे सगळं फटकारा मारण्याआधीच अंगात मुरलेलं असावं लागतं. लहानपणी ही सवय हाताला लागली की ती सुटत नाही.

साई युआनपेई यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ त्या काळी तरुणांना फ्रान्सला जाण्यासाठी उत्तेजन देत होते. चित्रकार शू बेईहोंग (पुढे शांतिनिकेतनात येऊन टागोरांचं चित्र काढणारा तोच) पॅरिसला गेला आणि तिथल्या सरकारी कलाशाळेत रीतसर शिकला. १९२० च्या दशकाच्या आरंभी तिथे पोचलेल्या सान्यूने मात्र पॅरिसच्या मोंपार्नास भागातली 'ग्रांद शोमिएर' ही खासगी कलाशाळा निवडली. तिथे परीक्षा नव्हती. पैसे भरायचे, समोर मॉडेल बसलेलं असायचं आणि चित्र काढायचं. पुढे अमृता शेरगिलही काही काळ तिथेच शिकली.

चीनच्या चित्रपरंपरेत डोंगर, बांबू, फुलं, पक्षी यांना मोठा मान होता. नग्न देह हा मात्र तिच्या मुख्य प्रवाहाचा विषय नव्हता. शांघायमध्ये चित्रकार ल्यू हायसू यांनी कलाशाळेत नग्न मॉडेल बसवलं, तर १९२६ साली प्रकरण थेट तिथल्या लष्करशहापर्यंत गेलं.

सान्यू 'ग्रांद शोमिएर'च्या वर्गात अनेकदा कुंचला आणि शाई घेऊन बसे. कोळशाने छाया देत देह उठावदार करण्याचं पाश्चात्त्य शिक्षण त्याने बाजूला ठेवलं. एक जाड-बारीक होत जाणारी रेषा घेऊन तो मांडीची गोलाई, पाठीचा बाक, टेकलेला हात उतरवी. अक्षर लिहावं तसा देह लिहिलेला. हे दोन परंपरांचं ठरवून केलेलं मिश्रण होतं असं मला वाटत नाही; त्याच्या हाताला दुसरी रेषा येतच नव्हती. पुढे तैलरंगात आल्यावरही काळ्या ओल्या रंगात टोकदार वस्तूने ओरखडून तो रेषाच काढत राहिला.

घरून येणारा पैसा १९३० च्या दशकात आटला. आंरी-पिएर रोशे या संग्राहकाशी असलेले संबंधही तुटले. १९६६ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमधल्या स्टुडिओत गॅसगळतीने त्याचा मृत्यू झाला. प्रदर्शनासाठी त्याने आधीच तैवानला पाठवलेली चित्रं तिथेच राहिली. ती आज तैपेईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत.