गेहेन्ना

गेहेन्ना : ख्रिस्ती नरककल्पनेला नाव देणारी जेरूसलेमच्या दक्षिण व नैर्ऋत्य कडेची दरी. हिब्रू बायबलात ती ‘बेन हिन्नोमाचे खोरे’ या नावाने येते. यहूदाचे राजे आहाज व मनश्शे (इ.स.पू. आठवे-सातवे शतक) यांनी येथे आपल्या मुलांचा होम केल्याचा ठपका ‘२ इतिहास’मध्ये आहे. तोफेत हे तेथील होमस्थान योशिया राजाने भ्रष्ट केले (सु. इ.स.पू. ६२२). यिर्मया संदेष्ट्याने तर या खोऱ्यात पुरायलाही जागा उरणार नाही, असा शाप उच्चारला.

हे होम परंपरेने देवता मानल्या गेलेल्या मोलखाला होत. जर्मन अभ्यासक ओटो आयस्फेल्ट यांनी १९३५ मध्ये प्यूनिक (कार्थेजच्या परिसरातील फिनिशियन भाषेतील) शिलालेखांच्या आधारे मोलख ही देवता नसून बलिविधीची संज्ञा असल्याचे प्रतिपादन केले. मात्र लेवीय २०.५ मध्ये मोलखाच्या नादी लागणाऱ्यांचा जो धिक्कार आहे, तो विधीपेक्षा देवतेलाच अधिक जुळतो.

खोऱ्यात शहराचा कचरा व बेवारस प्रेते सतत जळत, म्हणून नरकाला हे नाव पडले, असे प्रवचनांत आणि कित्येक भाष्यग्रंथांत आजही सर्रास सांगितले जाते. याचा सर्वांत जुना ज्ञात आधार रब्बी दाविद किमखी यांचे स्तोत्र २७ वरील भाष्य हा होय. ते सु. १२०० च्या सुमाराचे, आणि किमखी दक्षिण फ्रान्सचे. पहिल्या शतकातील ग्रंथांत असा उकिरडा आढळत नाही. उत्खननात त्या काळातील कचऱ्याचे मोठे थर सापडले ते पूर्वेला, किद्रोन खोऱ्याकडील उतारावर. हिन्नोमच्या कडेला केतेफ हिन्नोम येथे पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बार्काय यांना १९७९ मध्ये मिळाल्या त्या खडकात कोरलेल्या कबरी, आणि त्यांत गुंडाळी केलेले चांदीचे दोन इवलेसे पत्रे. त्यांवर गणना ६.२४–२६ मधील आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरला आहे. ते बहुधा इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचे वा सहाव्याच्या आरंभीचे असावेत. काही अभ्यासक ते बरेच नंतरचे मानतात. तेव्हा उकिरड्याची कथा बाजूला ठेवून या नावातील दहशतीचे मूळ बालहत्येच्या स्मृतीत व यिर्मयाच्या वाणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

स्थळाचे परलोकात रूपांतर हळूहळू झाले. यशया ६६.२४ मधील न मरणारे किडे व न विझणारा अग्नी हे वर्णन मार्क ९.४८ मध्ये गेहेन्नाला जोडलेले दिसते. हनोखाच्या पहिल्या ग्रंथात (एक प्राचीन यहुदी ग्रंथ) जेरूसलेमजवळच्या शापित दरीत दुष्टांचा न्याय होतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात दुष्टांची तेथील शिक्षा बारा महिन्यांची सांगितली आहे. नव्या करारात हा शब्द १२ वेळा येतो : ११ वेळा मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत तो नाही, ही बाब लक्षणीय आहे. मृतांचे वसतिस्थान असलेला अधोलोक (हेडीस) गेहेन्नापासून वेगळा; प्रकटीकरण २०.१४ नुसार अखेरीस हा अधोलोकही अग्निसरोवरात टाकला जातो.

शिक्षेच्या कालमर्यादेवर चर्चमध्ये मतभेद होते. अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने शिक्षा शुद्धीसाठी मानली. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’च्या २१ व्या भागात ती अनंत असल्याचा पक्ष मांडला. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ऑरिजेनच्या मतांचा निषेध केला. धर्मसुधारकांनी शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्म्याच्या शुद्धीचे तात्पुरते स्थान) नाकारले, तरी अनंत शिक्षेचे मत १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीत (ल्यूथरपंथीयांचे श्रद्धानिवेदन) कायम राहिले.