मुंबई लेकीला आंदण देणारा राजा तेव्हा हयातच नव्हता

‘पोर्तुगालच्या राजानं लेकीच्या लग्नात मुंबई आंदण दिली’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्यातला बाप मात्र चुकीचा आहे. ही लेक म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी लग्न झालेली कॅथरीन. तिचे वडील, राजा चौथा जुआंव, १६५६ मध्येच वारले. विवाहाचा तह झाला २३ जून १६६१ ला. तेव्हा गादीवर तिचा धाकटा भाऊ सहावा अफोन्सो होता, वय अवघं १७. लहानपणीच्या आजारानं त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं. कारभार आई लुइझा पाहत होती.

शिवाय ही निव्वळ हौसेची भेट नव्हे. स्पेनशी जीवनमरणाची लढाई चालू होती, पोर्तुगालला इंग्लंडची फौज हवी होती. म्हणून वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई देऊ केली. तीही फक्त मुंबई बेट आणि बंदर. आजची अख्खी मुंबई नव्हे.

गोव्याचा व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो या हस्तांतराच्या ठाम विरोधात होता. ताबा मिळेना म्हणून इंग्रज तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पडून राहिली. तिथं सेनापती शिपमन दगावला, सुमारे चारशे सैनिकांतले जेमतेम शंभरेक उरले. ही माणसं आंदणाच्या गोष्टीत कधीच येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ताबा मिळाला फेब्रुवारी १६६५ मध्ये.

आणि अफोन्सो? १६६७ मध्ये धाकट्या भावानं, पेद्रोनं, सत्ता घेतली. अफोन्सो १६८३ मध्ये सिंत्राच्या राजवाड्यात नजरकैदेतच वारला.