कॅथलिक प्रो-लाइफ चळवळ

गर्भधारणेच्या क्षणापासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत मानवी जीव अवध्य आहे, या शिकवणीच्या आधारे गर्भपात कायद्यातून आणि समाजमनातूनही हद्दपार करू पाहणारी कॅथलिकांची चळवळ. दयामरण, भ्रूणांवरील प्रयोग आणि मृत्युदंड हेही तिचे विषय आहेत. पण तिची ओळख, पैसा आणि माणसे गर्भपाताच्या प्रश्नाभोवतीच गोळा झाली. स्त्रीचा स्वतःच्या देहावरचा हक्क ही चळवळ डावलते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. ती अनेक देशांत असली तरी तिचे डावपेच घडले ते प्रामुख्याने अमेरिकेत.

गर्भपाताला चर्चचा विरोध जुनाच. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये गर्भपात आणि बालहत्या यांना एकाच पंक्तीत बसवून घोर अपराध ठरवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये ‘पाँटिफिकल अकॅडमी फॉर लाइफ’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी ‘इव्हांजेलियम व्हिटे’ हे पत्र काढून त्यांनी चळवळीला तिची वैचारिक संहिता दिली. त्या पत्रातला एक परिच्छेद व्यवहारात फार मोलाचा ठरला. गर्भपाताचा कायदा पूर्णपणे रद्द करणे शक्य नसेल, तर त्याचे दुष्परिणाम कमी करणाऱ्या अपुऱ्या कायद्याला कॅथलिक लोकप्रतिनिधी पाठिंबा देऊ शकतो; मात्र गर्भपाताला आपला विरोध आहे हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे. टप्प्याटप्प्याने जाण्याला मिळालेला हा रोमचा परवानाच होता.

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्ये गर्भपाताचे कायदे सैल करू लागली, तेव्हा विरोधात उभे राहिले ते जवळजवळ फक्त कॅथलिक. सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या महासभेने तर १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी, असाच ठराव केला होता. बिशपांच्या छत्राखाली सुरू झालेली ‘नॅशनल राइट टू लाइफ कमिटी’ १९७३ मध्ये स्वतंत्र झाली, ती याच कारणाने: हा केवळ रोमचा हट्ट आहे, असे दिसणे परवडणारे नव्हते. त्याच वर्षी २२ जानेवारीला ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. वर्षभराने नेली ग्रे या कॅथलिक वकील बाईंच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये पहिला ‘मार्च फॉर लाइफ’ निघाला. तो आजही दर जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत निघतो. कॅथलिक शाळा-महाविद्यालयांच्या बसगाड्या भरभरून मुले येतात.

१९७५ मध्ये बिशपांनी एक आराखडा मांडला: लोकशिक्षण, अडचणीतल्या गरोदर स्त्रियांना मदत आणि कायद्यात बदल. कायद्याच्या आघाडीवर पहिला जोर घटनादुरुस्तीवर होता आणि तो साफ फसला. १९८३ मध्ये सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांची गरज असताना ४९ विरुद्ध ५० अशी मते पडली. टिकले ते छोटे विजय. हेन्री हाइड या कॅथलिक खासदाराच्या नावाने ओळखली जाणारी १९७६ची तरतूद गरिबांच्या आरोग्य योजनेतून गर्भपातासाठी जाणारा केंद्राचा पैसा जवळपास बंद करून गेली. १९९२च्या ‘केसी’ खटल्यात न्यायालयाने ‘रो’चा गाभा राखला, पण गर्भपातापूर्वीचा प्रतीक्षाकाळ आणि अल्पवयीन मुलींसाठी पालकांची संमती यांसारख्या अटी मान्य केल्या. खटल्याला नाव मिळाले ते पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी यांचे. ते कॅथलिक आणि डेमोक्रॅट. गर्भपाताला विरोध आणि कामगारांच्या बाजूने राजकारण असे दोन्ही एकत्र नांदवणाऱ्या पिढीचे ते जवळजवळ शेवटचे वजनदार नेते. पुढे चळवळ रिपब्लिकन पक्षाला बांधली गेली, आणि त्याची किंमत तिला अजून मोजावी लागते आहे.

वृत्तपत्रांत न्यायालये गाजली, तरी चळवळीचा रोजचा संसार धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या परिसरांत, चालतो. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर दाराशी दुधाच्या रिकाम्या बाटल्या वाटल्या जातात. कुटुंबे त्या घरी नेऊन सुट्या नाण्यांनी भरतात आणि काही आठवड्यांनी परत आणून देतात. तो पैसा गर्भवतींच्या मदत केंद्रांना जातो. अशा केंद्रांचा आद्य नमुना म्हणजे लुईझ समरहिल या कॅथलिक गृहिणीने १९६८ मध्ये टोरांटोत काढलेले ‘बर्थराइट’. केंद्रांत गर्भचाचणी, कपडे, लंगोट, समुपदेशन मोफत मिळते. तिथे वैद्यकीय माहिती एकांगी दिली जाते, अशी टीकाही सातत्याने होते. गर्भपात झालेल्या स्त्रियांसाठी १९८४ मध्ये मिलवॉकीत ‘प्रोजेक्ट रेचल’ सुरू झाले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांनी मानवी जीवाच्या रक्षणासाठी ‘सिस्टर्स ऑफ लाइफ’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापला. गर्भपात क्लिनिकसमोरच्या पदपथावर जपमाळ घेऊन उभे राहणारे गट वेगळे. १९८०च्या दशकात क्लिनिकची दारे अडवून अटक करवून घेण्याचा मार्गही चोखाळला गेला. १९९४च्या केंद्रीय कायद्याने तो महाग पडू लागला.

अंतर्गत वाद पहिल्यापासून आहेत. शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये गर्भपात, अण्वस्त्रे, मृत्युदंड आणि दारिद्र्य हे एकाच अखंड वस्त्राचे धागे मानावेत, अशी मांडणी केली. गर्भपाताचे वजन त्याने घटते, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे. गर्भपाताचे समर्थन करणाऱ्या कॅथलिक राजकारण्यांना कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) द्यावे की नाही, हाही त्याच भांडणाचा भाग. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींना ते नाकारले. रोमचा कल मात्र संयमाकडे होता. पोप फ्रान्सिस गर्भपातावर कडक बोलत, पण २०१६ मध्ये त्यांनीच या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला.

२४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ‘डॉब्स’ निकालाने ‘रो’ रद्द झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो कॅथलिक. ‘रो’ मोडणाऱ्या बहुमतातही कॅथलिकच अधिक. जवळपास ५० वर्षांची मागणी पुरी झाली आणि मग मतपेटीने धक्का दिला. सहाच आठवड्यांनी कॅन्ससमध्ये, धर्मप्रांतांनी मोठा पैसा ओतूनही, गर्भपाताचा हक्क काढणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली गेली. मिशिगन, ओहायो त्याच वाटेने गेले; फ्लोरिडात २०२४ मध्ये ५७ टक्के मते गर्भपाताच्या बाजूने पडली आणि केवळ घटनादुरुस्तीसाठीच्या ६० टक्क्यांच्या अटीमुळे बंदी वाचली. डझनभर राज्यांत कडक बंदी असूनही देशातले गर्भपात घटले नाहीत. निम्म्याहून अधिक आता गोळ्यांनी होतात आणि गोळ्या टपालानेही येतात. खुद्द अमेरिकी कॅथलिकांपैकी दहातील सुमारे सहा जण गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा, असे पाहण्यांत सांगतात. न्यायमूर्तींचे मन वळवणे चळवळीला शेजारच्या बाकावरच्या भाविकापेक्षा सोपे गेले, असे म्हणावे लागते.

युरोपातही चित्र असेच. आयर्लंडने १९८३ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतांनी घटनेत घातलेली बंदी २०१८ मध्ये जवळपास तेवढ्याच मतांनी काढून टाकली. पोलंडमध्ये २०२० साली घटनात्मक न्यायाधिकरणाने कायदा आणखी आवळला, तेव्हा प्रचंड निदर्शने झाली आणि चर्चवरही राग निघाला. अर्जेंटिना हा पोप फ्रान्सिस यांचा मायदेश. तिथे डिसेंबर २०२० मध्ये गर्भपात कायदेशीर झाला.

‘डॉब्स’नंतर मदतकार्यावर भर वाढला आहे. बिशपांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘वॉकिंग विथ मॉम्स इन नीड’मध्ये प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या परिसरात गरोदर स्त्रीला घर, उपचार, नोकरी कुठे मिळेल याची यादी करायची असते. राजकारणात मात्र कोंडी आहे. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना कायद्याने मूल मानले, तेव्हा तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने काही आठवड्यांतच आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याचा उपचार) केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला. चर्चला आयव्हीएफ मान्य नाही, त्यामुळे या प्रश्नावर बिशप आपल्याच जुन्या मित्रपक्षाच्या विरोधात उभे आहेत.