आधी हवेची गळती, मग कुंड्या

कुपवाड, मिरज आणि माधवनगर रस्त्याच्या पट्ट्यातल्या वर्कशॉप-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कारखाना पर्यावरणपूरक करायचा ठरलं की आधी दारात कुंड्या येतात, मग ‘वीज वाचवा’चा फलक लागतो आणि हल्ली लगेच सोलरचं कोटेशन मागवलं जातं. आमचा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. लहान वर्कशॉपमध्ये कमी खर्चात थांबवता येणारी सर्वांत मोठी उधळण बहुतेक वेळा कॉम्प्रेसरच्या लाईनवर, म्हणजे दाबाची हवा मशीनपर्यंत नेणाऱ्या पाईपवर असते. ती बंद न करता सोलर बसवलं तर दोन-चार पॅनेल निव्वळ गळतीसाठी राबतात.

७ बार (हवेच्या दाबाचं माप) दाबाच्या लाईनला ३ मिलिमीटरचं भोक असेल, तर तेवढी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॅट ओढतो. रोज १० तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० युनिट होतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या एका भोकापायी महिन्याला अर्ध्या टनाहून जास्त. रुपयांचा हिशेब तुमच्या बिलातल्या दराने करा. एवढं मोठं भोक सहसा सापडत नाही. सापडतात त्या आठ-दहा बारीक गळत्या, ज्या मशीनच्या आवाजात ऐकू येत नाहीत.

गळती किती आहे ते घड्याळावर कळतं. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद ठेवा, कॉम्प्रेसर मात्र चालू राहू द्या. तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो (स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर), हे पाच फेऱ्यांत लिहून सरासरी काढा. भरण्याच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून १०० ने गुणा. दीड मिनिट भरतो आणि सहा मिनिटं थांबतो, तर १.५ भागिले ७.५, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली २० टक्के हवा गळतीत. कोणीही हवा वापरत नसताना हे चाललंय, हे लक्षात घ्या. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या पुढे गेलं तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाईन धरून चालत जा. क्विक कपलर, होज क्लिप, फिल्टर-रेग्युलेटरची वाटी आणि वापरात नसलेल्या मशीनकडे गेलेली पाईपची फांदी या जागा आधी बघा. अशा फांदीला बॉल व्हॉल्व्ह लावून तो बंद ठेवायचा. पीयू पाईप (हवेचा लवचिक प्लॅस्टिक पाईप) पकडीने तिरका तोडला की वन-टच (दाबून बसवायच्या) फिटिंगची रिंग त्यावर नीट बसत नाही. कटरने काटकोनात कापा. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनेच गुंडाळा आणि पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. आणखी एक हमखास जागा म्हणजे रिसीव्हर टाकीखालचा ड्रेन कॉक. पावसाळ्यात पाणी जास्त साचतं म्हणून तो कोणीतरी किंचित उघडा ठेवतो आणि मग तो वर्षभर तसाच राहतो. शिफ्टमध्ये दोनदा पाणी हाताने काढा किंवा ऑटो ड्रेन लावा.

लाईनच्या टोकाला दाब कमी पडला की प्रेशर स्विच (कॉम्प्रेसर किती दाबावर थांबेल ते ठरवणारा) वाढवायचा, ही सवय महागात पडते. दाब वाढला की त्याच भोकांतून आणखी हवा जाते. उलट १ बार कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्क्यांनी उतरते. गळती काढल्यावर दाब पाव-पाव बारने खाली आणत बघा. धातूच्या चिप्स (कापकामाचा चुरा) झाडायला एअर गन नको, ब्रश पुरे. अंगावरची धूळ उडवायला तर ती कधीच नको.

कॉम्प्रेसर पत्र्याच्या कोंदट खोलीत असेल तर बाहेरच्या सावलीतली हवा त्याच्या सक्शनपर्यंत (हवा आत घेणाऱ्या तोंडापर्यंत) आणा. आत जाणारी हवा ४ अंशांनी गरम झाली की वीज सुमारे १ टक्का जास्त लागते. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत हा फरक चांगलाच जाणवतो.

ऑफिसचं थोडक्यात. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसभर फिरणारे पंखे आधी बदला. एसी २४ ते २६ वर ठेवून सोबत पंखा चालवा आणि फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो कुजत नाही. स्टीलचे पेले आणा. चहाचा चोथा खताला उत्तम, पण दूध-साखरेसह टाकला तर मुंग्या आणि वास. आधी पाण्याने खळबळून घ्या, मग एक थर चोथा आणि त्यावर दोन थर बारीक केलेलं उसाचं पाचट. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही.

कूलंट (कापकामात टूल थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण) ओतून देण्याची वेळ जितक्या उशिरा येईल तितकं बरं. साप्ताहिक सुट्टीनंतर घाण वास येतो, कारण वर तरंगणारं स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) ऑईल हवा अडवतं आणि खाली जिवाणू वाढतात. सुट्टीआधी ते ऑईल काढून घ्या. नवं मिश्रण करताना पाण्यात कूलंट ओता, कूलंटमध्ये पाणी नको. प्रमाण डब्यावर बघा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासा. अंदाजाने ओतलेलं सहसा जास्तच पडतं.

वापरलेलं ऑईल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला देऊन टाकण्याची पद्धत अजून आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या आणि पावती जपून ठेवा. तेलकट चिंध्या घंटागाडीत नकोत, जाळायच्याही नाहीत. झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवा.

बॅरलखाली गळती धरणारा ट्रे हवा; २१० लिटरच्या बॅरलला किमान २३० लिटर मावेल असा. २०१९ आणि २०२१ चं कृष्णेचं पाणी जिथवर आलं होतं त्या पट्ट्यात तुमचं शेड असेल, तर जूनमध्येच बॅरल त्या खुणेच्या वर चढवा, झाकणं घट्ट करा आणि खांबाला साखळीने बांधा. रिकामी बॅरलही बांधा. तीच आधी तरंगतात, आणि तळाशी राहिलेलं ऑईल पाण्याबरोबर शेजारच्या घरात जातं.